वेट्झ्लारची टोपली

बांधकामाच्या साइटवर ड्रोन उडताना दिसला की पुष्कळांना युद्ध आठवतं. हे यंत्र रणांगणावरून आपल्याकडे आलं, असं आपण धरूनच चालतो. मीही तसंच धरलं होतं. ‘ड्रोन’ म्हणजे नर मधमाशी. उडत्या कॅमेऱ्याला हे नाव का पडलं, एवढंच मला शोधायचं होतं. शोधता शोधता 1858 सालच्या एका टोपलीपाशी येऊन पोचलो आणि माझं मत पक्कं झालं. या यंत्राचं आडनाव तोफखान्याचं, पण इमारती आणि मिळकती मोजणाऱ्या ड्रोनचं रक्त गवंड्यांच्या घरातलं आहे.

आधी आडनावाचं बघू. 1935 साली ब्रिटनमध्ये ‘टायगर मॉथ’ या सरावाच्या विमानाची रेडिओवर चालणारी आवृत्ती तयार झाली, विमानवेधी तोफांच्या नेमबाजीसाठी. तिचं नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी. अमेरिकेचे नौदलप्रमुख विल्यम स्टँडली यांनी तिचं प्रात्यक्षिक पाहिलं, तसंच यंत्र आपल्याकडे व्हावं म्हणून डेल्मर फार्नी यांना कामाला लावलं आणि 1936 मध्ये फार्नी यांनी ‘ड्रोन’ हा शब्द रूढ केला. ब्रिटिशांची राणी, म्हणून अमेरिकेचा नर.

याला प्रतिस्पर्धी मत आहे. इंग्रजीत ‘ड्रोन’ म्हणजे एकसुरी घरघरही. 1930च्या दशकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्येच ‘ड्रोन’ नावाचं एक छोटं, हलकं विमान होतं आणि ते चक्क वैमानिक चालवत असे. म्हणजे राणी माशीचा संबंध नसतानाही हे नाव विमानाला चिकटत होतं, बहुधा आवाजावरून. हा पुरावा झटकून टाकता येत नाही. तरीही माझा कौल राणी माशीलाच. मधुमक्षिकापालन करणाऱ्या कुणालाही विचारा: नराला नांगी नसते, तो मध गोळा करत नाही आणि राणीशी मीलन झालं की मरतो. तोफेसमोर निःशस्त्र उडायचं आणि पडायचं, एवढंच ज्याचं काम, त्या विमानाला याहून चपखल नाव कुठलं?

पण मुळात नर माशीला ‘ड्रोन’ का म्हणतात? जुन्या इंग्रजीत तिला ‘ड्रान’ म्हणत, जर्मनमध्ये ‘ड्रोने’, आणि ग्रीकच्या लॅकोनियन बोलीत ‘थ्रोनॅक्स’. या सगळ्यांच्या मुळाशी गुणगुणण्याचा एक प्राचीन धातू मानतात. मराठी माणसाच्या ओठावर इथे लगेच ‘ध्वनी’ येतो. मोह आवरा! ध्वनीची इंग्रजीतली बहीण वेगळी, ‘डिन’, म्हणजे गोंगाट. खरा उमेदवार दुसराच आहे. संस्कृत धातुपाठात अण, रण, वण, भण अशी आवाजाच्या धातूंची रांग येते, आणि काही पाठांत तिच्यात ‘ध्रण’ सापडतो. युरोपातल्या व्युत्पत्तिकारांनी ‘ड्रोन’च्या शेजारी बसवला तो हाच. धातुपाठाबाहेर त्याची साक्ष फारशी मिळत नाही, तेव्हा दुवा कच्चा आहे. शिवाय माशीचा आवाज ऐकून दोन भाषा स्वतंत्रपणे एकाच शब्दाशी पोचू शकतात. आपल्या ‘गुणगुण’ आणि ‘भुणभुण’मध्येही तोच नाकातला सूर आहे. माझा अंदाज असा, की कानाने केलेली ही नक्कल फार जुनी आहे आणि ‘ध्रण’ तिचाच एक वाळलेला डहाळा आहे.

आता रक्ताकडे वळू. सप्टेंबर 1858. वेट्झ्लार या जर्मन गावातल्या कॅथेड्रलची मोजमापं घ्यायला आल्ब्रेख्त मायडेनबाउर हा 24 वर्षांचा वास्तुविशारद आला होता. दर्शनी भिंतीला परांची बांधायची तर खर्च फार. म्हणून दोरांनी लोंबत्या टोपलीत बसून तो टेपने मापं घेत होता. एका संध्याकाळी टोपलीतून मनोऱ्याच्या खिडकीत पाय टाकताना टोपली भिंतीपासून दूर झुलली. उजव्या हाताने त्याने भिंत धरली, डाव्या पायाने टोपली हवेत ढकलून दिली आणि कसाबसा आत शिरला. खाली येताना त्याच्या मनात आलं: फोटोत सगळी भिंत यथादर्शनात उतरतेच, मग ते यथादर्शन उलटं सोडवून मापं का काढू नयेत?

त्याने ते करून दाखवलं. 1867 मध्ये ‘फोटोग्रामेट्री’ हा शब्द त्याच्या पद्धतीचं नाव म्हणून छापला गेला आणि 1885 मध्ये प्रशियाच्या सरकारने वास्तूंची अशी मापचित्रं घेणारी संस्था त्याच्यासाठी उभारली.

फ्रेंच म्हणतील, आमचा एमे लॉसदा त्याच्या आधीचा, आणि तारखा बघता ते बरोबर आहे. पण लॉसदा लष्करी अधिकारी होता, नकाशासाठी जमीन मोजत होता. इमारत न चढता मोजायची, ही गरज मायडेनबाउरची. त्याच 1858 मध्ये पॅरिसजवळ नादार या फोटोग्राफरने बलूनमधून फोटो घेतला, तोही जमिनीच्या मोजणीचा बेत मनाशी धरून! एकाच वर्षी एकाला आकाश मिळालं आणि दुसऱ्याला मापाची युक्ती. इमारतींच्या मोजणीत दोघांची नीट गाठ पडायला दीडशे वर्षं लागली. ती गाठ म्हणजे साइटवरचा ड्रोन.

गणित अजून तेच आहे. ड्रोन ओळीने फोटो घेत जातो आणि प्रत्येक फोटो आधीच्यावर सत्तर-ऐंशी टक्के चढलेला असतो. कॉलमचा एकच कोपरा अनेक जागांवरून दिसला की त्या जागांवरून त्याच्याकडे जाणाऱ्या रेषा जिथे छेदतात, तिथे तो कोपरा. असे लाखो बिंदू जुळवून सॉफ्टवेअर खोदाई किती झाली, भराव किती पडला, हे घनमीटरमध्ये सांगतं. राष्ट्रीय महामार्गांच्या कामांवर दरमहा ड्रोन चित्रीकरण 2021 पासून सक्तीचं आहे.

मिळकतीच्या मोजणीत तर महाराष्ट्राचा थेट वाटा आहे. इंग्रजांच्या काळात शेतजमीन मोजली गेली, पण गावठाणावर सारा नव्हता म्हणून ते बिनमोजणीचं राहिलं. घर पिढ्यान्‌पिढ्यांचं, पण हातात कागद नाही. ड्रोनने गावठाण मोजण्याचा पथदर्शी प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, मल्हारगडाच्या पायथ्याशी. उड्डाणाआधी घराघराच्या हद्दीवर चुन्याची फक्की ओढायची, वरून ती पांढरी रेघ टिपायची. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी अशाच मोजणीची केंद्राची ‘स्वामित्व’ योजना जाहीर झाली. 11 ऑक्टोबर 2020 रोजी ज्या 763 गावांत पहिल्या मिळकत पत्रिका दिल्या गेल्या, त्यांतली 100 महाराष्ट्रातली होती.

ड्रोनने सगळं होतं असं नाही. प्लास्टर आतून पोकळ आहे का, हे खात्रीने हातोडी ठोकूनच कळतं. पण भेग कुठे आहे आणि गळतीचा डाग कुठवर गेलाय, हे बघायला माणूस दोरावर लटकवायची गरज उरलेली नाही. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना आणि साइट इंजिनिअरांना माझं सांगणं एवढंच: माणसाला वर चढवण्याआधी कॅमेरा वर पाठवा. या यंत्रातल्या मोजणीच्या युक्तीचा जन्मच त्यासाठी झाला आहे.