तळटीप : उज्जैनचा मराठी फराळ

* नरकचतुर्दशीचे ताट : राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात उज्जैनला राजधानी केली, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे देऊळ नव्याने उभारले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी मराठी वस्ती गावात टिकून राहिली.

नरकचतुर्दशीच्या पहाटे महाकालाला उटणे लावून अभ्यंगस्नान घालतात, अन्नकूटाचा नैवेद्य दाखवतात. मराठी घरांतही आंघोळी उरकल्या की फराळ मांडला जातो : चकली, कडबोळी, करंजी, चिवडा. अनारशांची तयारी मात्र कितीतरी आधीची. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे. मग निथळून, कुटून, चाळून त्यात गूळ मळायचा आणि पीठ मुरत ठेवायचे. तुपात सोडताना खसखशीची बाजू वर. अनारसा उलटायचा नाही. झाऱ्याने तूप वर उडवत मंद आचेवर तळायचा.

माळव्याची छाप पोह्यांवर जास्त. ते वाफेवरचे, बडीशेप घातलेले. वर शेव, कच्चा कांदा आणि जिरावण मसाल्याची चिमूट, सोबत गरम जिलबी. पुढील प्रकरणांत नुसते ‘पोहे’ आले, तर वाचकांनी पुण्याकडचे कांदेपोहे न समजता हेच समजावेत. — संपादक