मॅगव्हीलला तडा का जातो?

परवा आलापल्लीहून चंद्रपूरला परतताना आष्टीच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात दणकून आदळली. टायर शाबूत, पण त्यानंतर रोज सकाळी एका चाकात हवा कमी. पंक्चर काही सापडेना. शेवटी टायरवाल्याने चाक उतरवून आतली कड चिंधीने पुसली, तेव्हा केसाएवढी रेघ दिसली. "मॅगव्हीलला क्रॅक आहे भाऊ." बाहेरून मात्र चाक आरशासारखं!

मला आजोबांच्या खाचराचं चाक आठवलं. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की आरे खिळखिळे व्हायचे, धाव सैल पडायची. मग लोहार धाव तापवून लाल करी, चाकावर चढवी आणि वर पाणी ओती. लोखंड आकसून लाकडाला आवळून धरी. बिघाड झाला की चाक चार दिवस आधीपासून कुरकुरायचं. लपवाछपवी नाही.

आता 'मॅग' या नावाची गंमत. मॅग म्हणजे मॅग्नेशियम. १९४०-५० च्या दशकांत अमेरिकेत हॅलिब्रँडची मॅग्नेशियमची चाकं शर्यतीच्या गाड्यांना असत. वजनाला हलकी, पण ओलाव्याने लवकर खराब होणारी. रोजच्या वापराला परवडणारी नव्हेत. ॲल्युमिनियमचं चाक त्याआधीचं, बुगाटीने १९२४ मध्ये ल्योंच्या शर्यतीत आणलेलं. पुढे रस्त्यावर ॲल्युमिनियमच जिंकलं, नाव मात्र हरलेल्याचं राहिलं.

तडा का जातो, याचं उत्तर रेल्वेने शोधलं. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक माणसं गेली. नंतर प्रशियात व्होलर या अभियंत्याने आस हजारो-लाखो वेळा फिरवून दाखवलं, की एका घावाने न मोडणारं पोलाद लहान लहान ताणांनी थकतं. पोलादाला निदान एक मर्यादा आहे, तिच्याखालचा ताण ते जवळजवळ कायम सोसतं. ॲल्युमिनियमला अशी ठळक मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा हिशेबात जमा होतो. भेग सुरू होते ती बहुतेक पृष्ठभागावरच्या ओरखड्यातून, गंजलेल्या टिंबातून, नाहीतर ओतकामात राहिलेल्या बुडबुड्यातून.

आणि इथेच चकाकीचा संबंध येतो. ओतलेलं चाक सुमारे ५४० अंशांवर तापवून पाण्यात विझवतात, मग दीडशेच्या वर काही तास ठेवतात. ताकद त्यातून येते. पावडर कोटिंगची भट्टी १८०-२०० अंशांची. कारखान्यात वेळ मोजलेला असतो. जुनं चाक कुठेतरी पुन्हा पुन्हा भाजलं, तर ती ताकद उतरू लागते. डायमंड कटमध्ये लेथवर दर खेपेला थोडा धातूच जातो. क्रोमचा पापुद्रा कुठे फुटला, की पाणी आत शिरून खालून कुरतडतं. नुसत्या पॉलिशला सतत निगा लागते, पण त्यावर तडा लगेच दिसतो. रंग चांगला असेल तर गंज रोखतो, हे खरंच. तडा गेल्यावर दिलेला रंग मात्र फक्त झाकतो.

टायरवाला म्हणाला, "वेल्डिंग करून रंगवून देतो, नव्यासारखं." पण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा धातू मऊ पडतो, आणि त्या गाडीत माझी नातवंडं बसतात. नको म्हटलं. चाक भंगारात दिलं. देण्याआधी मात्र त्याच्याकडूनच घणाने कड तोडून घेतली. तसंच दिलं असतं तर कुणीतरी रंगवून विकलं असतं. त्याला जरा वाईट वाटलं. "चांगलं दिसत होतं हो," म्हणाला.