मेंदूतील रक्तस्राव : विकसनशील देशांतील उपचार

मेंदूतील रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्त साचणे म्हणजे मेंदूतील रक्तस्राव, बोलीत 'ब्रेन हॅमरेज'. खेड्यापाड्यांत मात्र हा आजार आणि गुठळी अडकून येणारा झटका, दोन्हींना 'लकवा' हेच नाव आहे. वरून दिसतेही सारखेच: तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, जीभ जड होते. उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावात दिले, तर ते जिवावर बेतते. दोहोंतला फरक खात्रीने कळतो तो सीटी स्कॅनवर. लंडनमध्ये 1971 साली या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला; पन्नास वर्षे उलटली तरी ग्रामीण भागातल्या अनेक रुग्णांना त्यासाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागते.

अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतील 86 गावांमधल्या मृत्यूंची कारणे शोधली, तेव्हा पक्षाघात पहिल्या क्रमांकावर निघाला (2015). यातील बहुतेक माणसे घरीच गेली. अशा मृत्यूत गुठळी होती की रक्तस्राव, हे कळायला मार्गच उरत नाही.

साकळलेले रक्त पहिल्या काही तासांतच वाढत जाते, आणि नेमके हेच तास वाटेत जातात. आधी जवळचा डॉक्टर, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून 'पुढे न्या' असे लिहिलेली चिठ्ठी. शुद्ध हरपलेल्या माणसाला घाबरून पाणी पाजले जाते. ते श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. रुग्णाला कुशीवर वळवून तोंडाने काहीही न देणे, एवढे साधे ज्ञानही इथे जीव वाचवते.

न्यूरोसर्जन मोठ्या शहरांत एकवटले आहेत, ही अडचण खरी. पण सगळा दोष तिच्यावर टाकणे चूक आहे. प्रत्येक रक्तस्रावाला शस्त्रक्रिया लागत नाही. भारतासह दहा देशांतील, मुख्यतः अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील, 7,000 हून अधिक रुग्णांवर झालेल्या 'इंटरॅक्ट-3' अभ्यासाने (2023) शस्त्रक्रियेपलीकडच्या उपचारांचा उपयोग दाखवून दिला. तासाभरात वरचा रक्तदाब 140 च्या खाली आणणे, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उतरवणे, एवढ्या गोष्टी एकत्र केल्याने रुग्ण अधिक चांगले बरे झाले. यासाठी रक्तदाब पुन्हापुन्हा मोजणारी परिचारिका आणि शिरेतून देण्याचे औषध हाताशी हवे. रात्रपाळीला एकाच परिचारिकेकडे अख्खा वॉर्ड असेल, तर हेच सर्वांत अवघड ठरते.

मुळाशी बहुतेकदा वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब असतो. त्याची गोळी स्वस्त आहे, सरकारी आरोग्य केंद्रात मोफतही मिळते. काही त्रास जाणवत नाही म्हणून ती मधेच सुटते, किंवा साठा संपला म्हणून खंडित होते.

पैसे संपले म्हणून अर्धवट उपचारांतच घरी नेलेल्या रुग्णाची पुढची शुश्रूषा बायको किंवा सून करते. नाकातल्या नळीतून पेज कशी द्यायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, लुळ्या हाताची बोटे कशी मोकळी करायची, हे तिला वॉर्डातच, रुग्णाच्या खाटेशी उभे राहून करून दाखवावे लागते.