अमीर मेहदीचे बूट

मागच्या महिन्यात भाचा घरी आला होता. त्याने दोन दिवसांच्या साहसी शर्यतीत नाव घातले आहे. डोंगर धावत चढायचे, सायकल मारायची, नदी ओलांडायची, रात्रीही थांबायचे नाही. "मामू, बूट कोणते घेऊ?" मोबाइलवरच्या किमती दाखवत त्याने विचारले. मी म्हटले, "किंमत नंतर बघ, आधी माप बघ. चालून चालून पाय सुजतात, म्हणून संध्याकाळी घालून बघ आणि बोटांपुढे थोडी जागा ठेव. सुती मोजे घेऊ नकोस, ते ओले राहतात आणि फोड आणतात." तो गेला, पण माझ्या डोक्यात दुसऱ्याच एका माणसाचे बूट घोळत राहिले.

गेल्या शतकाच्या मध्यावर हिमशिखरे ही राष्ट्राराष्ट्रांमधली शर्यतच होती. १९५३ साली ब्रिटिश मोहिमेने एव्हरेस्ट सर केले. त्याच वर्षी हर्मन बूल नंगा पर्वताच्या माथ्यावर एकटा पोहोचला. हिमदंशाने पाय निकामी झालेल्या बूलला पाठीवर घेऊन खाली आणणाऱ्यांत हुंझा खोऱ्यातला अमीर मेहदी होता.

पुढच्या वर्षी अर्दितो देसिओ यांच्या नेतृत्वाखाली इटालियन मोहीम ८६११ मीटर उंचीच्या के-२ वर आली. मेहदी तिच्यात उंचावरचा हमाल होता. ३० जुलै १९५४ रोजी तरुण गिर्यारोहक वॉल्टर बोनाती आणि मेहदी प्राणवायूची नळकांडी घेऊन शेवटच्या तळाकडे निघाले. तुलाही शिखरावर जायला मिळेल, अशी आशा मेहदीला दाखवली होती. पण शिखरावर जायचे ठरलेल्या कोम्पान्योनी आणि लाचेदेल्ली यांनी तंबू ठरल्यापेक्षा वर नेला होता. अंधार पडला. सुमारे ८१०० मीटरवर, बर्फात खणलेल्या अरुंद कपारीत, तंबू नाही, झोपायची पिशवी नाही, अशी दोघांनी रात्र काढली.

बोनाती धडधाकट उतरला. मेहदीच्या पायांची सगळी बोटे कापावी लागली.

रात्र एकच होती, पायात मात्र वेगवेगळे होते. इटालियनांकडे उंच शिखरांसाठी बनवलेले बूट होते. मेहदीला साधे लष्करी बूट मिळाले होते, तेही दोन नंबर लहान. घट्ट बुटात रक्त बोटांपर्यंत नीट पोहोचत नाही, जाड मोजा मावत नाही आणि ऊब धरणारी हवाही राहत नाही. थंडीने कुणालाच सोडले नाही, शिखरवीरांच्या हातांनाही हिमदंश झाला. पण मेहदीच्या पायांशी निसर्गाच्या आधी माणसांनी वैर केले होते.

त्याच नळकांड्यांच्या जोरावर ३१ जुलैला इटलीचा झेंडा शिखरावर लागला. पुढे बोनातीवर खोटे आरोप झाले. तो न्यायालयात लढला, जिंकला आणि अर्ध्या शतकानंतर इटलीच्या गिर्यारोहण संस्थेनेही त्याचे म्हणणे मान्य केले. त्याच्याकडे लेखणी होती, वकील होते. मेहदी कित्येक महिने दवाखान्यात राहून गावी परतला आणि पुन्हा शिखरांवर गेला नाही. त्याला इटलीचा सन्मान मिळाला, पण तो कागदावरचा. १९९९ साली तो वारला.

आपण जे नेसतो तेच हाताखालच्या माणसाला नेसवावे, ही प्रेषितांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मोहिमेच्या सामानाच्या यादीइतकी तिची कठीण परीक्षा दुसरी नसेल. कोणाच्या पायाचे माप घेतले आणि कोणाला उरलेसुरले दिले, यावरून माणूस कोणाला मानले ते कळते. मेहदीचे माप कुणी घेतलेच नव्हते.

काल भाच्याला फोन केला. त्याने बूट घेतले आहेत, बोटांपुढे जागा आहे. मी विचारले, "तुमचे सामान पुढच्या मुक्कामावर नेणारी गावची पोरे आहेत ना, त्यांच्या पायात काय असते?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बघितलं नाही, मामू. विचारतो."