मोबाइलमध्ये पासवर्ड सेव्ह होत नाही? या सात गोष्टी एक-एक करून तपासा

अमरावती/अकोला : "टाकून टाकून थकलो बाप्पा, पासवर्ड काही सेव्ह होऊनच नाही राहिला!" दर्यापूर, अंजनगाव सुर्जीपासून तर अकोट, तेल्हाऱ्यापर्यंत ही तक्रार कुठंही ऐकू येते. महाडीबीटीवर पोरापोरींच्या शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी जुन्याच लॉगिननं भरावा लागतो. आपले सरकार पोर्टलवर दाखल्याचा अर्ज कुठवर पोहोचला ते पाहायचं असते. वर्षातून एक-दोनदा लागणारा पासवर्ड डोक्यात राहत नाही, ब्राउझरही ठेवत नाही आणि ऐन शेवटच्या तारखेला धावपळ होते.

अशा वेळी मोबाइल बिघडला असं समजू नका. बहुतेक वेळा एखादी सेटिंग बंद असते. खालची माहिती अँड्रॉइड फोनमधल्या क्रोम ब्राउझरची आहे. फोन आणि व्हर्जननुसार शब्द थोडे वेगळे दिसू शकतात.

आधी फरक समजून घ्या

पासवर्ड सेव्ह होणं आणि लॉगिन चालू राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पोर्टल काही वेळ हात लावला नाही तर आपोआप बाहेर काढतात. ते सुरक्षेसाठी असते. पुन्हा लॉगिन करताना पासवर्डची चौकट आपोआप भरून येत असेल, तर पासवर्ड सेव्ह झालेला आहे. कॅप्चा मात्र दरवेळी स्वतःच भरावा लागतो.

काय तपासायचं?

1. सेव्हची सेटिंग : क्रोम उघडा, वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा. सेटिंग्जमध्ये जाऊन गूगल पासवर्ड मॅनेजर उघडा. त्याच्या सेटिंग्जमध्ये पासवर्ड सेव्ह करण्याबद्दल विचारण्याचं बटण असते. ते बंद असेल तर चालू करा.

2. चुकून 'नेव्हर' दाबलं का? : लॉगिन केल्यावर पासवर्ड सेव्ह करायचा का, असं क्रोम विचारते. घाईत 'नेव्हर' दाबलं गेलं की त्या वेबसाइटसाठी ते पुन्हा विचारतच नाही. पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये नकार दिलेल्या साइटची यादी असते. त्यातून ती साइट काढून टाका.

3. इन्कॉग्निटो : काळ्या रंगाचं, टोपी-चष्म्याचं चिन्ह असलेलं पान उघडलं असेल तर तिथं नवीन पासवर्ड सेव्ह होत नाही. साधं पान उघडा.

4. लिंक कुठं उघडली? : फेसबुकसारख्या ॲपमध्ये लिंक दाबली की पान त्या ॲपच्या आतच उघडते. तिथला पासवर्ड क्रोममध्ये जात नाही. क्रोम उघडून पत्ता स्वतः टाका. त्यामुळं बनावट लिंकपासूनही बचाव होतो.

5. साफसफाई : फोन हळू चालते म्हणून कोणी क्रोमचा 'क्लिअर डेटा' केला आणि पासवर्ड गूगल खात्यात नसून फक्त फोनमध्येच असले, तर ते पुसल्या जाऊ शकतात. फोन साफ करणारे ॲपही तपासा. क्रोममध्ये स्वतःच्या ईमेलनं साइन इन करून पासवर्ड गूगल खात्यात ठेवले, तर फोन बदलला तरी ते परत मिळतात.

6. अपडेट आणि जागा : जुन्या फोनमध्ये क्रोम आणि गूगल प्ले सर्व्हिसेस अपडेट नसल्या तर पासवर्ड मॅनेजर नीट चालत नाही. फोन व्हिडिओंनी गच्च भरला असेल तर अपडेटही होत नाही. आधी जागा मोकळी करा.

7. दुसरं पासवर्ड ॲप : फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोफिल' शोधा. तिथं दुसरं ॲप निवडलेलं असेल तर पासवर्ड त्या ॲपमध्ये जात असू शकतात.

हे सगळं करूनही एखादी साइट विचारतच नसेल, तर पासवर्ड मॅनेजरमध्ये अधिकचं चिन्ह दाबा आणि साइटचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड हातानं भरून ठेवा.

ओटीपी असेल तर?

काही ठिकाणी सेव्ह करायला पासवर्डच नसतो. महाडीबीटीवर शेतकऱ्यांचं लॉगिन आता फार्मर आयडी आणि ओटीपीवर चालते. पीएम किसानचा हप्ता तपासतानाही ओटीपी येतो. तिथं महत्त्वाचा आहे तो नोंदवलेला मोबाइल नंबर. सिम बंद पडू देऊ नका.

इथं मात्र सेव्ह करू नका

सेतू केंद्र, नेट कॅफे किंवा दुसऱ्याच्या मोबाइलवर अर्ज भरताना सेव्हचं विचारलं तर नकार द्या. काम झालं की लॉगआउट करा. तुमच्या लॉगिनमध्ये आधार, बँक खातं, जातीचा दाखला असं सगळंच असते. दुसऱ्याच्या संगणकात पासवर्ड ठेवणं म्हणजे घराची किल्ली शेजारच्या गावात ठेवल्यासारखं आहे.

स्वतःच्या फोनवर पासवर्ड ठेवायचा असेल तर पिन किंवा बोटाच्या ठशाचं लॉक लावा. सेव्ह केलेला पासवर्ड पाहायलाही तेच लॉक लागते. बँकेचा पिन आणि ओटीपी कुठंच लिहून ठेवू नका, फोनवर कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

विसरलाच तर

अंदाजानं दहा वेळा पासवर्ड टाकू नका, खातं काही वेळासाठी बंद होऊ शकते. 'फरगॉट पासवर्ड' दाबा. नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी येतो, त्यावरून नवा पासवर्ड करा. ब्राउझरनं विचारलं की 'अपडेट' दाबा, नाहीतर जुनाच पासवर्ड भरून येईल आणि लॉगिन होणार नाही. हे काम अर्जाची तारीख जवळ येण्याआधीच, एखाद्या निवांत संध्याकाळी करून ठेवलेलं बरं.