आयर्लंडचं लोणी, बेटाडिन आणि ट्रॉम्बेचा वारा

रोह्याहून एका श्रोत्याने विचारलं होतं: "ट्रॉम्बेला किंवा तारापूरला उद्या काही झालं, तर आपल्याला कळणार कसं? आणि जे कळेल त्यातलं खरं काय, हे ठरवायचं कसं?" आधी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. मग वाचायला बसलो आणि प्रश्न इतिहासाचा निघाला. म्हणून हा अख्खा भाग त्याच्यावर. नेहमीप्रमाणे रेकॉर्डिंगवरून उतरवलाय, बोलताना अडखळलो ते तेवढं काढलंय.

आधी नकाशा बघू. पेणहून ट्रॉम्बे सरळ रेषेत साधारण ३५ किलोमीटर. रोह्याहून ६५ च्या आसपास. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला मुंबई फार लांब वाटते, पण वाऱ्याला वडखळ नाका लागत नाही. ट्रॉम्बेला १९५६ साली अप्सरा सुरू झाली, आशियातली पहिली अणुभट्टी. मग १९६० साली सायरस, १९८५ साली ध्रुव. तारापूरचं वीज केंद्र १९६९ चं, ते पेणपासून १३० किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे अणुवीज केंद्राभोवती १६ किलोमीटरच्या पट्ट्यात आणीबाणीची आखणी आणि सराव असतात. आपण त्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर, म्हणजे धोका कमी. पण त्याचा दुसरा अर्थ असा की कोणी येऊन आपल्याला काही शिकवलेलंही नाही.

आता १९८६. चेर्नोबिलची चौथी भट्टी २६ एप्रिलला पहाटे फुटली. जगाला कधी कळलं? २८ तारखेला, आणि तेही सोव्हिएत सरकारकडून नाही. स्वीडनमध्ये फोर्समार्क नावाचं अणुवीज केंद्र आहे, चेर्नोबिलपासून हजारेक किलोमीटरवर. तिथे सकाळी कामगारांच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला. त्यांना आधी वाटलं आपलीच भट्टी गळतेय. शोधाशोध झाली, मग वाऱ्याची दिशा बघितली आणि बोट पूर्वेकडे गेलं. त्या रात्री मॉस्कोच्या टीव्हीवर चार-पाच वाक्यांची बातमी आली. प्रिप्यात शहर २७ तारखेला रिकामं केलं होतं, लोकांना तीन दिवसांचं सामान घ्या म्हणून सांगून. आणि १ मे ला कीवमध्ये कामगार दिनाची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली, लहान मुलांसकट. गोर्बाचेव्ह टीव्हीवर या विषयावर बोलले ते १४ मे ला.

म्हणजे बघा, पहिली खरी बातमी कोणी दिली? पत्रकाराने नाही, सरकारने नाही, दारात लावलेल्या एका यंत्राने दिली. आणि ते यंत्र दुसऱ्याच देशात, दुसऱ्याच कामासाठी लावलेलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, चेर्नोबिलचा आपल्याशी काय संबंध? आहे. तो मुंबई बंदरातून आला, लोण्याच्या रूपात.

ही गोष्ट माझ्या पिढीला फारशी माहीत नाही. मलाही नव्हती. युरोपीय आर्थिक समुदायाकडून मदत म्हणून आयर्लंडचं लोणी मुंबईत आलं होतं. चेर्नोबिलचा ढग युरोपभर फिरलेला, आयर्लंडवरही पाऊस पडलेला. गाई गवत खातात, गवतावरचं सीझियम दुधात उतरतं. मग लोणी सुरक्षित कशावरून? डॉ. शिवराव शांताराम वागळे आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे दाद मिळाली नाही तेव्हा सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याच्या पुस्तकांत हा १९८८ चा खटला त्यांच्याच नावाने आहे.

त्या काळातल्या गिऱ्हाईकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. दुकानात लोणी आहे. रंग तोच, वास तोच. खवट असतं तर जिभेला कळलं असतं, भेसळ असती तर कढवल्यावर कळली असती. इथे नाक, जीभ, डोळे, आजीचा अनुभव, सगळं निकामी. एरवी बाजारात आपण फसतो तेव्हा निदान नंतर तरी कळतं. इथे फसलो की नाही हे वीस वर्षांनीही कळणार नाही, कारण कॅन्सरच्या गाठीवर कारणाची चिठ्ठी लावलेली नसते. म्हणजे पूर्ण भिस्त कोणाच्या तरी शब्दावर.

आणि शब्द कोणाचा? मर्यादा ठरवणार अणुऊर्जा नियामक मंडळ. हे मंडळ १९८३ साली स्थापन झालं आणि अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं. आयोगाचा अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा खात्याचा सचिव. मोजायची यंत्रं आणि माणसं ट्रॉम्बेला, तीही त्याच खात्याची. आणि लोणी आणणारं सरकारच. घर एक, दारं तीन.

न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली आणि प्रश्न असा घातला: नियामक मंडळाने ऑगस्ट १९८७ मध्ये ठरवलेल्या मर्यादेच्या आतलं दूध, दुधाचे पदार्थ आणि इतर अन्न माणसाला खायला सुरक्षित आहे का? समितीने आहे म्हणून सांगितलं, न्यायालयाने ते मानलं, विषय संपला.

माझं मत विचाराल तर लोणी बहुधा निर्धोकच होतं, आणि त्याचं कारण आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. सीझियम पाण्यात विरघळतं, चरबीत नाही. दही घुसळलं की ते बहुतेक ताकाबरोबर जातं, लोण्याच्या गोळ्यात फार थोडं राहतं. आयोडीन-१३१ चं म्हणाल तर आठ दिवसांत निम्मं होतं, जहाज मुंबईला लागेपर्यंत ते संपल्यात जमा. इतकं सोपं स्पष्टीकरण तेव्हा कोणी मराठीत घरोघर पोहोचवलं असतं तर? लोकांपर्यंत गेलं ते "तज्ज्ञ म्हणतात सुरक्षित आहे" एवढंच. यात माहिती किती आणि हुकूम किती, तुम्हीच बघा. आणि गंमत म्हणजे, काळजी करायचीच असती तर दुधाच्या भुकटीची जास्त करायला हवी होती.

याच मुंबईतून दुसरा खटला निघाला, तो तर थेट माहितीवरच. नोव्हेंबर १९९५ मध्ये नियामक मंडळाने अणुऊर्जा खात्याच्या केंद्रांमधल्या सुरक्षेच्या त्रुटींचा अहवाल तयार केला, १३० च्या आसपास मुद्द्यांचा. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते ए. गोपालकृष्णन. पीयूसीएल आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी तो अहवाल मागितला. सरकारने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याचं १८ वं कलम दाखवलं, त्यात अशी माहिती गुप्त ठेवायचा अधिकार होता. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारचं ऐकलं, आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. भट्टीचे नकाशे शत्रूच्या हाती पडू नयेत हे मला पटतं. पण कुठला पाइप जुना झालाय हे शेजाऱ्याला न सांगण्यात देशाची सुरक्षा कुठली, ते अजून पटलेलं नाही. पुढे २०११ साली मंडळ स्वतंत्र करण्यासाठी विधेयक आलं, आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही बारगळलं.

याचा परिणाम काय होतो? मी ज्या कामात आहे तिथे सर्व्हर पडला की पंधरा मिनिटांत स्टेटस पेजवर लिहावं लागतं, कारण काय ते माहीत नसलं तरी. "आम्हाला कळलंय, बघतोय, पुढचं अमुक वाजता सांगू." कंपनी फार सज्जन असते म्हणून नाही. आपण गप्प बसलो की गिऱ्हाईक ट्विटरवर स्वतःचं कारण शोधून काढतं म्हणून. रिकामी जागा रिकामी राहत नाही.

मार्च २०११ मध्ये ती कशाने भरली बघा. ११ तारखेला जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी, मग फुकुशिमाच्या भट्ट्या. तीन-चार दिवसांत आशियाभर एक एसएमएस फिरला, बीबीसीच्या नावाने. पाऊस आला तर २४ तास घरात राहा, दारं-खिडक्या लावा, आणि गळ्याला थायरॉइडच्या जागी बेटाडिन लावा. बीबीसीने असं काही सांगितलंच नव्हतं, त्यांनी तसा खुलासाही केला. फिलिपाइन्समध्ये तोवर एका विद्यापीठाने वर्ग सोडून दिले होते. मेसेज हुशारीने लिहिलेला होता हे मान्य करायला पाहिजे. खिडक्या लावणं हा सल्ला भट्टीच्या जवळ असाल तर बरोबरच आहे. आयोडीनचा थायरॉइडशी संबंध आहे हेही खरं. दोन खऱ्या गोष्टींच्या मधे खोटी बसवली की ती चालून जाते. बेटाडिन कातडीवर चोपडून थायरॉइड वाचत नाही.

त्याच आठवड्यात चीनमध्ये मिठासाठी झुंबड उडाली, आयोडीनयुक्त मीठ खाल्लं की वाचू म्हणून. हिशोब करून बघू. अशा वेळी मोठ्या माणसाला देतात ती पोटॅशियम आयोडाइडची गोळी १३० मिलिग्रॅमची, त्यात आयोडीन साधारण १०० मिलिग्रॅम. आपल्या पिशवीतल्या मिठात किलोला १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं असा नियम आहे. म्हणजे एका गोळीइतकं आयोडीन मिळवायला साडेसहा किलो मीठ खावं लागेल. किरणोत्सर्गाची वाट बघायची गरजच उरणार नाही. पेणच्या मिठागरातलं खडं मीठ तर साधं, त्यात हे घातलेलंच नसतं.

पण अफवा हा फुकुशिमातला छोटा भाग. मोठा भाग अधिकृत माहितीचा. ढग कुठे जाईल याचा अंदाज बांधणारी स्पीडी नावाची संगणक-यंत्रणा जपानकडे होती, आणि ती चालूही होती. अंदाज अमेरिकी लष्कराकडे १४ मार्चला गेला, लोकांसमोर यायला २३ मार्च उजाडला. मधल्या काळात नामिए गावचे लोक वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन राहिले, लांब आलो म्हणजे सुटलो असं समजून. ढग नेमका तिकडेच गेला होता. भट्ट्यांचा गाभा वितळलाय हे कंपनीने मे महिन्यात कबूल केलं. आणि २०१६ साली कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली, कारण तेव्हा 'मेल्टडाउन' हा शब्द वापरू नका अशी आतून सूचना होती.

इताते हे गाव भट्टीपासून सुमारे ४० किलोमीटरवर. तेही पुढे एप्रिलमध्ये रिकामं करायला सांगितलं. पेण-ट्रॉम्बे अंतर जवळपास तेवढंच, म्हणून लगेच घाबरू नका. ध्रुव १०० मेगावॅट उष्णतेची संशोधन भट्टी आहे, फुकुशिमाची तिसरी भट्टी त्याच्या वीसपटीहून मोठी. तुलना अंतराची आहे, आकाराची नाही. ज्या फॉरवर्डमध्ये हा फरक सांगितलेला नसेल तो तिथेच सोडून द्या.

जपानमध्ये लोकांनी मग काय केलं, हे मला सगळ्यात आवडतं. भूकंपानंतर आठवडाभरात सेफकास्ट नावाचा गट उभा राहिला. हार्डवेअरवाले, प्रोग्रामर, हौशी लोक. त्यांनी गायगर काउंटरला जीपीएस जोडलं, गाडीच्या खिडकीला अडकवलं आणि रस्ते पालथे घातले. प्रत्येक आकडा जागा आणि वेळेसकट खुला, कोणीही डाउनलोड करून तपासावा. त्यांनी अणुऊर्जेच्या बाजूने किंवा विरोधात घोषणा दिल्या नाहीत. काही शाळांजवळ आकडे भीतीपेक्षा कमी निघाले, काही ठिकाणी जास्त, दोन्ही छापले. पुढे सरकारी आकडे आले तेव्हा लोकांकडे ताडून बघायला काहीतरी होतं.

आता रायगडात येऊ. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. वादळाआधी हवामान खात्याचे इशारे चोख आले, फोनवर, टीव्हीवर, सगळीकडे. वादळ किनाऱ्याला लागलं आणि विजेचे खांब आडवे, टॉवर बंद. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. व्हॉट्सअॅपवरची खरी बातमीही गेली आणि खोटीही. उरला तो सेलवर चालणारा रेडिओ, तोही ज्यांच्या घरी होता त्यांच्याकडे. अणुअपघातात टॉवर पडतीलच असं नाही, पण सगळे एकदम फोन लावतील हे नक्की. तेव्हा रोह्याच्या श्रोत्याला माझं पहिलं उत्तर: आकाशवाणी पकडणारा ट्रान्झिस्टर आणि चार सेल. धाटावला एमआयडीसी आहेच, तिथे वायुगळती झाली तरी तो उपयोगी पडेल, आणि त्याची शक्यता मला अणुअपघातापेक्षा कितीतरी जास्त वाटते.

दुसरं, वारा. पेण ट्रॉम्बेच्या आग्नेयेला आहे. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा, म्हणजे ट्रॉम्बेची हवा आपल्यापासून लांब जाते. मार्च ते मे मध्ये मात्र दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो थेट आपल्याकडे. हे कोणाही कोळ्याला विचारा, तो वेबसाइट न बघता सांगेल. बातमी आली की आधी तारीख, वेळ आणि वारा बघायचा. जून-जुलैत कोणी "ढग पेणकडे निघालाय" म्हणून पाठवत असेल, तर बातमी पाठवणाऱ्याला पाऊस कुठून येतो हेही माहीत नाही.

तिसरं, आकडा. ट्रॉम्बेचं केंद्र देशभर किरणोत्सर्ग मोजणारी केंद्रं चालवतं, आयरमॉन म्हणतात त्या जाळ्याला. यंत्रणा चांगली आहे. पण फोर्समार्कच्या लोकांना गडबड कळली ती रोजचा आकडा ठाऊक होता म्हणून. आपल्याला पेणचा रोजचा आकडा ठाऊक नाही. आपला काळा दगड, दख्खनचा बेसॉल्ट, युरेनियम-थोरियम कमी असलेला. त्यामुळे इथे नेहमीचा किरणोत्सर्ग तासाला साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असायला हवा. केरळच्या मोनाझाइट वाळूवर तो कितीतरी जास्त असतो आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतायत.

मोजायला रायगड नवखा नाही, बरं का. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेची मापं बिघडणार, म्हणून १९०४ साली वेधशाळाच अलिबागला हलवली. आजही तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात. कोणी घाबरलंय म्हणून नाही, रोजचं काम म्हणून. पेण आणि रोह्याच्या एकेका कॉलेजच्या फिजिक्स लॅबने गच्चीवर एक गायगर काउंटर ठेवून रोज सकाळी आकडा फळ्यावर लिहिला, तर खर्च एका बऱ्या मोबाइलएवढा येईल. तसं करणारे कोणी मास्तर ऐकत असतील तर सॉफ्टवेअर मी फुकट लिहून देतो. नेहमीच्या पत्त्यावर कळवा.