इंग्रज गेले, त्यांचा प्लग राहिला

परवा चौकात एक पोरगा भेटला. कामासाठी दुबईला निघालाय. म्हणे, "भाऊ, आपला चार्जर तिकडं चालते का जी?"

प्रश्न साधा, पण उत्तर पार इंग्रजांच्या काळात जाते. आपला तीन गोल पिनांचा प्लग मूळचा ब्रिटिश, १९३४ च्या मानकातला. दुसऱ्या महायुद्धात तिकडं घरं पडली, तांब्याचा तुटवडा झाला. म्हणून कमी तारेत भागेल अशी वायरिंग आखली आणि १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला १३ अँपिअरचा प्लग आणला. त्याच वर्षी ते इथून गेले. आपण जुनाच धरून बसलो. दुबईत मात्र तो नवा चालतो.

अॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. दुबईचं व्होल्टेज आपल्यासारखंच, म्हणून चार्जर चालेल. अमेरिकेत १२० व्होल्ट, तिथं इथला मिक्सर चालायचा नाही.

तिकडच्या सॉकेटला आत झडप असते, ती अर्थिंगची लांब पिन उघडते. काही जण तिथं पेन खुपसून दोन पिनांचा प्लग घुसवतात. तसं करू नको म्हटलं.

आपल्याही प्लगची वरची पिन जाड अन् लांब. अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं म्हणून. पण आपल्या किती घरांत त्या भोकामागं तार आहे?

पोराला म्हटलं, अॅडॅप्टर घेच, पण जाण्याआधी घरचं अर्थिंग तपासून घे. उन्हाळ्यात कूलरला हात तुझी माय लावणार आहे.

तुमच्याकडं तपासलंय का?